पट्टा, परवाना आणि सभागृह

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत घरी कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. भंगाराचे गोदाम टाकायचे तरी परवाना लागतोच. दोन्हींचे मूळ एकाच कायद्यात आहे. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात, तो हा कायदा. त्याचे ३७६ वे कलम काही ठरावीक वस्तूंचा साठा आणि धंदे परवान्याशिवाय करू देत नाही. परवाना कसा द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, ते ३८६ व्या कलमात आहे. कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभाही याच कायद्यात, नाट्यगृहांवरच्या कराच्या शेजारीच आहे. शेजाऱ्याच्या आवारात काय असावे आणि त्याचा त्रास इतरांना होऊ लागला की कोणी, कसे बोलावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. त्याचा माग काढत गेले की आपण १८३२ च्या मुंबईत पोचतो.

मोकाट कुत्री ठरावीक दिवसांत मारण्याची मोहीम कंपनी सरकारने मुंबईत त्याआधीच सुरू केली होती. १८३२ साली तिची मुदत वाढली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. बक्षिसाच्या लोभाने पकडणारे लोकांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या अंत्यविधीत सगदीदसाठी, म्हणजे मृतदेह कुत्र्याच्या नजरेस आणण्यासाठी, कुत्रा लागतो, त्यामुळे त्यांना हा घाव दुहेरी होता. ६ जूनला त्यांच्या सणाच्या दिवशीच मारेकऱ्यांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी कोटातली दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे पाणी आणि पाव अडवले गेले. लष्कर आले, धरपकड झाली, काहींना शिक्षाही झाल्या. जमशेटजी जीजीभाईंसारख्यांनी सरकारदरबारी अर्ज केले. शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची, अशी तडजोड निघाली. १८३४ मध्ये जमशेटजी आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की तेव्हा हा विषय मांडायला मुंबईकरांकडे सभागृहच नव्हते. दंडाधिकाऱ्यांनी आदेश काढला आणि माणसांनी रस्त्यावर उत्तर दिले. दोन दिवसांच्या दंगलीनंतर जी तडजोड झाली, ती एखाद्या सभेत तासाभरात होऊ शकली असती.

सभागृह यायला बराच काळ गेला. १८८८ चा मुंबई महापालिका कायदा घडताना फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी निवडून आलेल्या नगरसेवकांच्या अधिकारांसाठी झगडा केला. धोकादायक धंद्यांना परवाना लावण्याची व्यवस्था त्या कायद्याने दिली. गळ्यात पट्टा किंवा मालकीची खूण नसलेल्या कुत्र्याला मारण्याची आयुक्तांची मुभाही मुंबईच्या महापालिका कायद्यात आली. पट्टा असला तर मालमत्ता, नसला तर उपद्रव, अशी साधी विभागणी. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने हाच साचा इतर शहरांना दिला.

चिखलीपर्यंत तो फार उशिरा आला. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. टाळगाव चिखली म्हणून वारकऱ्यांना ठाऊक असलेले हे इंद्रायणीकाठचे गाव १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर महापालिकेत गेले. तोवर भोसरीची औद्योगिक वसाहत आणि टेल्कोचा कारखाना गावाच्या उंबऱ्यावर आलेले होते. कामगारांना घर हवे होते, कारखान्यांतून निघणाऱ्या पत्र्याला, प्लॅस्टिकला, लाकडी खोक्यांना गिऱ्हाईक हवे होते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्याचे खरेदीखत होत नसे, म्हणून गुंठा-अर्धा गुंठा नोटरीवर विकला गेला. चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे अशाच जमिनींवर वाढली. गावकऱ्यांनी भाडे घेतले, पालिकेने मिळकतकर घेतला, आणि ३७६ वे कलम पुस्तकात राहिले.

मग राज्याने मधला मार्ग काढला. ४ जानेवारी २००८ पासून अनधिकृत बांधकामाला मिळकतकराच्या दुप्पट शास्ती लागू झाली. या शहरात शास्तीकर हा शब्द घराघरात पोचला; निवडणुका त्याच्यावर लढल्या गेल्या. शास्ती भरली तरी बांधकाम अधिकृत होत नसे, त्यामुळे माणूस पैसेही भरायचा आणि धास्तीतही राहायचा. २०२३ मध्ये सरकारने ती माफ केली. पंधरा वर्षांत घरे किंवा गोदामे कुठे असावीत, याचा निकाल मात्र लागला नाही.

निकाल लागला तो २०२५ मध्ये, एकदम. फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखलीत चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त झाली. तिथे वारंवार आगी लागत होत्या, नदी काळी पडत होती, त्यामुळे कारवाईचे कारण खोटे नव्हते. पण त्या पत्र्यांखाली अनेक छोटे कारखाने आणि हजारो माणसांची रोजीरोटीही होती. १७ मे रोजी इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. राष्ट्रीय हरित लवादाने १ जुलै २०२४ ला तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. पहिला पाया खोदला गेला तेव्हाच तिथे कोणी अडवले असते, तर त्या कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी वाचली असती.

हे सगळे झाले तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते. १३ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणूक १५ जानेवारी २०२६ पर्यंत रखडली. जवळपास चार वर्षे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी होता. नगरसेवक असते म्हणून गोदामे वाचली असती असे मी म्हणत नाही. इतकी वर्षे डोळेझाक झाली ती त्यांच्याही देखत. पण कोणता धंदा कुठे हलवायचा, मुदत किती द्यायची, पर्यायी जागा कोणती, हे प्रश्न भर सभेत विचारले गेले असते आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली असती.

गोदामाच्या फाटकाशी बांधलेला राखणीचा कुत्रा या पट्ट्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गोदाम गेले की त्याचा मालक कोण? दरम्यान कायदा पुष्कळ बदलला आहे. केंद्राच्या २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा त्याच जागी सोडण्याची पद्धत आणली. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने आयुक्तांचा कुत्री मारण्याचा जुना अधिकार मान्य केला, पण सर्वोच्च न्यायालयाने लगेच त्याला स्थगिती दिली. नवे नियम मार्च २०२३ चे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदीचे पत्रक काढले. संबंधितांना न विचारता काढले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे सोडून बाकीच्यांना परत त्यांच्या जागी सोडायला सांगितले आणि खाऊ घालण्याच्या जागा प्रभागनिहाय ठरवायला लावल्या. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश आला.

यातला प्रत्येक आदेश शेवटी गल्लीत येऊन थांबतो. खाऊ घालण्याची जागा देहू-आळंदी रस्त्याच्या कडेला की सोसायटीच्या मागे, आक्रमक कुत्रा कोणी ठरवायचा, नेहरूनगरच्या नसबंदी केंद्रात चिखलीची कुत्री किती दिवसांत जाऊन परत येतील, हे दिल्लीत ठरू शकत नाही. त्यासाठी १९४९ च्या अधिनियमाचे ४५८ वे कलम आहे. त्याखाली महापालिका स्वतःचे उपविधी करू शकते, फक्त राज्य सरकारची मंजुरी लागते.

आता सभागृह पुन्हा भरले आहे. गोदामाच्या परवान्यावरच राखणीच्या कुत्र्याची नोंद, लसीची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव असावे, हा उपविधी या सभेने घ्यावा. निळी पूररेषा जागेवर खांब रोवून दाखवावी. कुदळवाडीतून उठलेल्या धंद्यांना कोणत्या गटात, कोणत्या अटींवर जागा मिळणार, याचा प्रस्ताव पहिल्या वर्षातच पटलावर यावा, आणि त्यावर चिखलीच्या नगरसेवकांनी नाव घेऊन मतदान मागावे.