विक्रान्तचे लोखंड

युद्धाची खूण डोळ्यांसमोर राहावी, ही माणसाची जुनी गरज आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तेथील चर्चांमधील घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या पाहावयास मिळतात. मेणवलीच्या घंटेवरील मेरी आणि बालयेशूची प्रतिमा कोणी खरवडून काढली नाही. घंटेचा धनी बदलला, देव बदलला. परंतु ती घंटाच राहिली. म्हणूनच पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही ती वसईची साक्ष देऊ शकते.

युद्धात वापरलेले वाहन मोडून त्याचे तुकडे घरोघर नेण्याची रीत याहून निराळी आहे. जून १८९७ मध्ये नेल्सनचे एके काळचे ध्वजनौकेचे जहाज ‘फूड्रॉयंट’ इंग्लंडमधील ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून फुटले. त्याच्या ओक लाकडाचे सामान आणि तांब्याची पदके करून विकण्यात आली. पदकाला मोल आले ते तांब्यामुळे नव्हे, तर ते कोणत्या जहाजाचे आहे हे त्यावर कोरले होते म्हणून. आज रणगाड्याच्या किंवा विमानाच्या पत्र्याचा तुकडा चौकटीत बसवून, अनुक्रमांक व प्रमाणपत्रासह भिंतीवर लावण्यासाठी विकला जातो. त्यामागील व्यवहार हाच आहे. तुकडा स्वतः मुका असतो. त्याला वाचा येते ती शेजारच्या अक्षरांमुळे.

या घटनेचा उत्तरार्ध मुंबईशी जोडलेला आहे. फुटलेल्या जहाजाच्या मालकाने त्याच्या जागी दुसरे जुने जहाज विकत घेतले. ते होते ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानी लाकडात बांधलेले हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले होते आणि १८९७ मध्ये मोडीत निघाले होते. नव्या मालकाने त्याला ‘फूड्रॉयंट’ हे नाव दिले, त्यावर मुलांना शिक्षण दिले आणि ते टिकवले. पुढे त्याचे मूळ नाव परत आले. हार्टलपूल येथे ते आजही अखंड उभे आहे. मुंबईने बांधलेले जहाज परक्यांनी वाचविले; मुंबईच्या दारातील जहाजाचे काय झाले, हा प्रश्न येथून सुरू होतो.

‘विक्रान्त’ मूळचे ब्रिटिशांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘हर्क्युलिस’ या नावाने त्याची बांधणी सुरू झाली आणि १९४५ मध्ये ते पाण्यात उतरले. पण युद्ध संपल्याने काम अर्धवट राहिले. भारताने ते घेऊन बेलफास्ट येथे पूर्ण करविले आणि ४ मार्च १९६१ रोजी ते भारतीय नौदलात दाखल झाले. देशाची ही पहिली विमानवाहू नौका. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या एका बाष्पकात तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरपासून तिच्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव येथील बंदरे व धावपट्ट्यांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानचा सागरी मार्ग बंद करण्यात तिचा वाटा मोठा होता.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. हजारो शाळकरी मुलांनी तिच्या उड्डाणफलाटावर पाय ठेवला. परंतु एवढा मोठा पोलादी सांगाडा खाऱ्या पाण्यात जपायचा तर खर्चही मोठा होता. तो उचलणारा कोणी पुढे येईना. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. पुढे लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना नौका विकली गेली. नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडणीला संमती दिली आणि नोव्हेंबरमध्ये दारूखान्यात तिच्यावर कटर चालू लागले.

मोडलेल्या धातूच्या दोन वाटा विशेष लक्षात राहण्यासारख्या आहेत. पुण्याच्या बजाज कंपनीने त्यातील काही पोलाद वितळवून आपल्या ‘व्ही’ या मोटारसायकलीत वापरले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी ती लोकांसमोर आली. त्याच्या काही दिवस आधी, २५ जानेवारीला, मुंबईतील नौदल गोदीच्या लायन गेटसमोर शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी नौकेच्याच धातूतून घडविलेल्या स्मारकाचे अनावरण झाले. दोन्हींमागे आदर होता, यात शंका नाही. मात्र वितळलेल्या पोलादात तडा गेलेल्या बाष्पकाची खूण उरत नाही. अरुंद जिने, खलाशांच्या झोळ्या टांगण्याची जागा, उड्डाणफलाटाची लांबी हे सारे अखंड नौकेतच समजते. तुकडा पाहणाऱ्याला शौर्याची आठवण करून देतो. ते शौर्य कोणत्या अडचणीतून उभे राहिले, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असते.

म्हणून तुकड्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. अखंड वस्तू गेल्यावर तेच हाती राहतात. फक्त त्यांना संग्रहालयाचा पर्याय मानू नये. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे बांधलेली नवी ‘विक्रान्त’ नौदलात दाखल झाली. त्याआधी जुन्या नौकेची १९६१ ची घंटा तिच्यासाठी सुपूर्द करण्यात आली. ती वितळवली गेली नव्हती, कापली गेली नव्हती. वसईच्या घंटांप्रमाणे तीही घंटाच राहिली.