अकबराची इश्कबाजी

कबुतरबाजी हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असा आपणा मराठी माणसांचा सर्वसाधारण समज आहे. दिल्ली-आग्र्याकडे बदली होऊन आलेल्याने मात्र ‘आईन-इ-अकबरी’तील यासंबंधीचा मजकूर अवश्य वाचावा. अकबर या खेळास ‘इश्कबाजी’ म्हणे. अबुल फजल सांगतो की, बादशहापाशी २०,०००हून अधिक कबुतरे होती. ‘खासा’ हा मान मात्र अवघ्या ५०० पक्ष्यांना होता. पूर्वी एका वेळी ११ किंवा २१ कबुतरे सोडीत. अकबराच्या काळी १०१ सोडू लागले.

परंतु खेळाची प्रेक्षणीयता संख्येत नव्हती. पूर्ण वर्तुळाची गिरकी ती ‘चर्ख’. पाठीवर उलटून घेतलेली कोलांटी ती ‘बाजी’. खासा कबुतर एका वेळी १५ चर्ख व ७० बाज्या करी. जोड्या लावतानाही रूप व करामत यांची बरोबरी पाहिली जाई. अकबराने केलेल्या या संकराचा उल्लेख १८५९ साली डार्विननेही आपल्या ग्रंथात केला आहे.

थव्याकडे कोणीही पाहतो. गिरक्या मोजणारा जाणकार प्रेक्षकांत असला, म्हणजेच असा खेळ पाहावयास जाण्याचे सार्थक होते. जुन्या दिल्लीच्या गच्च्यांवर असे जाणकार आजही भेटतात.