एका गावाचे दोन बिशप : मुंबईच्या चर्चमधल्या दुहेरी सत्तेची गोष्ट

चामटोलीच्या या व्याख्यानात आम्ही विषय घेतलाय चर्चमधल्या अधिकाराचा. सुरुवात अगदी घराजवळून करू. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात राहणारा कॅथलिक माणूस कोणत्या बिशपच्या हाताखाली येतो? उत्तर एक नाही, दोन आहेत. तो लॅटिन परंपरेतला असेल, म्हणजे ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळुरी वगैरे, तर मुंबईच्या आर्चबिशपांच्या. केरळातून आलेला सिरो-मलबार परंपरेतला असेल, तर १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांताच्या. जमीन तीच, स्टेशन तेच, पण बिशप दोन.

आज यावरून कुणी भांडत नाही, कारण व्यवस्था ठरवून केलेली आहे. पण याच मुंबई इलाख्यात असेच दोन बिशप सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांसमोर उभे होते. त्यापायी गावं फुटली, घरं फुटली. ते भांडण श्रद्धेचं नव्हतं. प्रार्थना एकच होती, पोपही एकच होते. प्रश्न होता तो बिशप नेमायचा कुणी, याचा.

मुळापासून पाहू. पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपांनी पोर्तुगालच्या राजाला एक सनद दिली. नव्या मुलखात चर्चचा खर्च राजाने करायचा आणि त्या बदल्यात बिशपची नावं राजाने सुचवायची. याला म्हणतात पाद्रोआदो, आपल्या भाषेत आश्रयदातेपण. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत झाला. त्याच वर्षी वसई पोर्तुगिजांना मिळाली. वसई, साष्टी, मुंबई इथली सगळी चर्चेस गोव्याच्या आणि पर्यायाने लिस्बनच्या छत्राखाली गेली.

पुढे रोमच्या लक्षात आलं की दिलेली सनद आपल्याच हातापायात येते आहे. राजा पैसे पुरेसे देत नाही आणि हक्कही सोडत नाही. म्हणून १६२२ मध्ये पोपांनी धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, त्याचं नाव प्रोपगंडा. आपण आज वर्तमानपत्रात जो 'प्रोपगंडा' शब्द वाचतो तो इथून आला. या खात्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला म्हणत व्हिकार अपोस्टोलिक. तो राजाला नाही, थेट रोमला उत्तर द्यायचा.

यातला एक सुरुवातीचा माणूस आपल्या बाजूचा आहे. मातेउश द कास्त्रो, गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घरातला. त्याला गोव्यात धर्मगुरूची दीक्षा मिळेना. तो सरळ रोमला गेला, तिथे शिकला, तिथेच दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाला. आदिलशाही मुलखासाठी त्याची नेमणूक झाली. पण परत आल्यावर गोव्याच्या वरिष्ठांनी त्याचा अधिकार मानायला नकार दिला. उरलेलं आयुष्य तो लढत राहिला आणि १६७७ मध्ये रोममध्येच वारला. इथली पहिली गाठ लक्षात घ्या. पाद्रोआदो विरुद्ध प्रोपगंडा या वादाच्या पोटात गोरा वरिष्ठ विरुद्ध देशी धर्मगुरू हा वादही सुरुवातीपासून होता.

आता मुंबई. १६६१ च्या तहाने बेट इंग्रजांकडे गेलं, पण चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपांकडेच राहिली. इंग्रजांना हे खटकत होतं. आपल्या बेटावरचे पाद्री परक्या राजाचे, हे चालेल कसं? १७२० मध्ये त्यांनी त्या पाद्रींना बेटाबाहेर काढलं आणि कार्मेलाइट पंथाच्या व्हिकार अपोस्टोलिकला बोलावून कारभार दिला. त्याला इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली. गंमत बघा, प्रोटेस्टंट व्यापारी कंपनी ठरवत होती की कॅथलिकांचा पाद्री कोण!

सत्तर वर्षांनी काटा उलटा फिरला. १७८९ मध्ये कंपनीने चर्चेस पुन्हा गोव्याकडे दिली. त्यावर दुसऱ्या बाजूच्या लोकांनी तक्रारी केल्या. शेवटी १७९४ मध्ये कंपनीने वाटणी केली. निम्मी चर्चेस याची, निम्मी त्याची. भावाभावांत शेत वाटावं तशी. इथून मुंबईतलं दुहेरी अधिकारक्षेत्र अधिकृतपणे सुरू झालं.

आता लोक कुठे होते यात? इथे आम्हाला थोडं थांबायचंय. कारण अधिकाराचा इतिहास सांगताना वरच्या माणसांचीच नावं येतात. प्रत्यक्षात चर्च बांधलं गावाने, सणाचा खर्च गावाने केला, दागिने-जमिनी सांभाळल्या गावाने. त्यामुळे 'आमचा पाद्री कोण' यात आपलाही शब्द आहे असं गावाला वाटायचं. याचा स्फोट झाला १८५३ मध्ये माहीमला. सेंट मायकल चर्च प्रोपगंडाकडे होतं आणि तिथल्या बऱ्याच मंडळींना पाद्रोआदोकडे जायचं होतं. बिशप हार्टमन, स्वित्झर्लंडचे कपुचिन, स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले. मरेन पण चर्च सोडणार नाही, असा त्यांचा पवित्रा. बाहेर विरोधकांचा वेढा. साधारण पंधरा दिवस हे चाललं. अखेर सरकारने मध्ये पडून चर्च उघडलं आणि पाद्रोआदोवाल्यांच्या हवाली केलं. बिशप आत कोंडलेले आणि बाहेर त्यांचेच लोक, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

यात बरोबर कोण होतं? बिशपांकडे रोमचा अधिकार होता, गावाकडे पिढ्यांची वहिवाट होती. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. आणि निकाल दिला तिसऱ्यानेच, सरकारने. चर्चला स्वतःचा तंटा घरात मिटवता आला नाही, तेव्हा बाहेरचा पंच आला.

१८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांनी करार केला. मुंबई आर्चडायोसीस झाली, ती प्रोपगंडाकडे. पाद्रोआदोच्या चर्चेससाठी दमणचा धर्मप्रांत झाला. वाद मिटला का? नाही, तो कागदावर पक्का झाला. वांद्र्याला आजही सेंट अँड्र्यू आणि सेंट पीटर ही दोन चर्चेस चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिलं होतं पाद्रोआदोचं, दुसरं जेझुइटांचं, म्हणजे प्रोपगंडाचं. शेजारी शेजारी राहणारे लोक वेगवेगळ्या बिशपांचे होते.

१९२८ मध्ये आणखी एक तोडगा निघाला. दमणचा वेगळा कारभार संपला आणि मुंबईला एकच आर्चबिशप राहील असं ठरलं. पण कसा? एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, आळीपाळीने! पहिले झाले योआकीम लिमा, पोर्तुगीज. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स, इंग्रज जेझुइट. या सगळ्या हिशेबात भारतीय माणसाची पाळीच नव्हती. शेजारी स्वातंत्र्याची चळवळ चालू आणि चर्चच्या गादीवर पाळी दोन परक्या राष्ट्रांची.

रॉबर्ट्स यांना हे बोचलं. आपण गेलो की करारानुसार पोर्तुगीज येणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी भांडण केलं नाही, पत्रकं काढली नाहीत. त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस या गोवेकर घरातल्या धर्मगुरूला १९४६ मध्ये सहायक बिशप करून घेतलं आणि स्वतः मुंबईतून बाहेर पडले. पद त्यांचं, कारभार ग्रेशस यांचा, अशी चार-पाच वर्षं गेली. भारतीय माणूस हे चालवू शकतो का, हा प्रश्नच विचारायचा उरला नाही, कारण तो चालवत होता. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. रॉबर्ट्स यांनी पुढे अधिकाराचा वापर आणि गैरवापर यावर पुस्तकच लिहिलं.

मातेउश द कास्त्रो ते ग्रेशस, तीनशे वर्षं. आणि तरी वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आपल्या मातीतला आपला बिशप मिळायला १९९८ उजाडलं. त्या वर्षी वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि पहिले बिशप झाले थॉमस डाबरे, वसईचेच, ज्यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला होता.

आमचं म्हणणं एवढंच. अधिकार देवाकडून येतो असं चर्च मानतं, ठीक. पण तो पोचतो माणसांच्या हातून, आणि वाटेत राजा, कंपनी, करार, जात, भाषा सगळे आपला वाटा काढून घेतात. म्हणून कुठल्याही संस्थेत, मग ती चर्च असो, देवस्थान असो की आपली सोसायटी, 'प्रमुख कोण' याच्या आधी 'प्रमुख कोण नेमतं' हे विचारावं. आणि खुर्चीवर असलेल्याने रॉबर्ट्स यांच्यासारखं एकदा विचारावं, की माझ्यानंतर कोण, आणि त्याच्यासाठी मी जागा कधी करणार?

चामटोलीत आज दोन बिशपांची माणसं एकाच रिक्षा स्टँडवर उभी राहतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माहीमच्या त्या पंधरा दिवसांनंतर इथवर आलोय आपण. आता तुमचे प्रश्न घेऊ.