अर्धवट राहिलेलं बी.कॉम. पूर्ण करायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

बुलढाणा : बारावी झाली, बी.कॉम.ला नाव टाकलं, एक-दोन वर्षं पासही झाली. मग लग्न, शेती, घरची अडचण किंवा नोकरी आली आणि कॉलेज सुटलं. पतसंस्थेत, दुकानात किंवा कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करणाऱ्या अनेकांची हीच गोष्ट आहे. काम सगळं येतं, पण बढतीची वेळ आली की पदवी आडवी येते. अशांना तिशी-चाळिशीतही पदवी पूर्ण करता येते. फक्त विद्यापीठ निवडताना घाई केली, तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातात.

*जुनी वर्षं धरली जातील का?*

सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा. जिल्ह्यातील वाणिज्य महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत. शिक्षण याच विद्यापीठात सुटलं असेल, तर जुन्या कॉलेजात जाऊन उरलेले पेपर आता देता येतात का, की नव्या अभ्यासक्रमात यावं लागेल, हे विचारा.

दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल, तर झालेले विषय धरायचे की नाही हे नवं विद्यापीठ ठरवतं. ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही योजना 2021 मध्ये आली. त्यात जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. त्याआधीच्या वार्षिक पद्धतीचे गुण त्यात आपोआप येत नाहीत. म्हणून 10-15 वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेल्यांनी पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्याची तयारी ठेवूनच हिशेब मांडावा.

*तीन मार्ग*

1) नियमित महाविद्यालय : रोज शिकवणी आणि शिक्षक समोर. पण हजेरी लागते. नोकरी किंवा शेती सांभाळून हे जमेल का, ते आधी पाहा.

2) यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक : 1989 मध्ये स्थापन झालेलं राज्याचं मुक्त विद्यापीठ. बी.कॉम. मराठीतून करता येतं, ही मोठी सोय. जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं आणि परीक्षा कुठे होते, ते आधी विचारा.

3) इग्नू : 1985 पासूनचं केंद्र सरकारचं मुक्त विद्यापीठ. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी प्रवेश होतात. अभ्यासाचं साहित्य कोणत्या भाषेत मिळेल, हे नक्की तपासा.

मुक्त विद्यापीठांत वयाची कमाल अट नाही. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने स्पष्ट केलं आहे. दूरस्थ प्रवेशासाठी आता यूजीसीच्या संकेतस्थळावर डीईबी-आयडी काढावा लागतो.

*पदवीनंतर काय करायचं?*

यावरूनही निवड बदलते. सीएला थेट प्रवेश हवा असेल, तर वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात. तेव्हा नुसतं पास होऊन भागत नाही. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करायचं असेल, तर पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा देता येते. पतसंस्था आणि सेवा सोसायट्यांचं जाळं असलेल्या आपल्या जिल्ह्यात ती उपयोगाची आहे. पतसंस्थेत बढतीच हवी असेल, तर कोणती पदवी चालते हे आपल्याच संस्थेच्या सेवानियमांत पाहा.

आणखी एक गोष्ट. जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला. त्याआधी शिकलेल्यांच्या अभ्यासात व्हॅट होता. जुने विषय धरले गेले, तरी हा भाग नव्याने शिकावाच लागेल. टॅलीचा क्लास कामाचा आहे, पण तो पदवीची जागा घेत नाही.

*ही कागदपत्रं काढून ठेवा*

• दहावी-बारावीच्या आणि झालेल्या वर्षांच्या सर्व गुणपत्रिका, नापास झालेल्यासुद्धा
• शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला
• विद्यापीठ बदलत असल्यास मायग्रेशन प्रमाणपत्र
• शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र, मागितल्यास
• लग्नानंतर नाव बदललं असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र
• आधार. त्यावरचं नाव गुणपत्रिकेशी जुळतं का, हे आधीच पाहा

*‘एका वर्षात पदवी’पासून सावध*

‘परीक्षा न देता पदवी’, ‘मागच्या तारखेची गुणपत्रिका’ असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. अशी पदवी पडताळणीत टिकत नाही. पैसे जातातच, वरून नोकरी जाण्याची आणि गुन्हा दाखल होण्याची वेळ येते. विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला दूरस्थ शिक्षणाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. बोगस विद्यापीठांची यादीही यूजीसी जाहीर करते.

फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी किंवा ई-मेलवर घ्या : कोणते विषय धरले, किती वर्षं उरली आणि एकूण खर्च किती. काउंटरवरचं तोंडी उत्तर पुढे कामी येत नाही. पैसे विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा केंद्रात भरा आणि पावती जपून ठेवा.