फुटक्या दगडाची डागडुजी

दगडातले खळगे भरण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. अजिंठ्याचा कातळ मुळातच खडबडीत. कारागिरांनी त्यावर भाताचे तूस घातलेल्या मातीचा गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ हात फिरवला, मग चित्रे काढली. 1824 साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट निघाले. पुढे गावोगावच्या देवळांतला फुटका दगडही सिमेंटनेच लिंपला जाऊ लागला. पण श्रोतेहो, सिमेंट ओल कोंडते, क्षार सोडते. जांभ्यासारखा मऊ दगड मग कडेने झडतो. त्यापेक्षा चुन्यात त्याच दगडाची भुकटी कालवावी. रंग वाळल्यावरच पारखावा. ओला लेप गडद दिसतो. 1964 च्या व्हेनिस सनदेने सांगितले आहे, की नवी भर मूळ कामाशी जुळावी, तरी वेगळी ओळखू यावी. डागडुजी करावी, पण पूर्वजांच्या हातावर आपला हात खपवू नये.