चेन्नईत परदेशी कुटुंबांचा घरशोध : आधी शाळा, मग पूर
चेन्नई : श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक पट्ट्यात नियुक्तीवर येणाऱ्या परदेशी कुटुंबांपुढे घराचा पेच असतो. कारखाने शहराच्या पश्चिमेला, तर १९९५ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन इंटरनॅशनल स्कूल दक्षिणेकडील तरमणीत. मूल लहान असल्यास शाळेजवळ राहावे आणि लांबचा प्रवास नोकरदार पालकाने सोसावा, हेच श्रेयस्कर. मात्र तरमणीशेजारच्या, पल्लिकरणै पाणथळ भूमीलगतच्या वेलाचेरीत डिसेंबर २०१५ मध्ये पुराचे पाणी घरांत शिरले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळातही हा भाग जलमय झाला. त्या वेळी गल्लीत पाणी किती चढले होते, हे भाडेकरारापूर्वी शेजाऱ्यांनाच विचारावे. दलाल ते आपणहून क्वचितच सांगतो. वरचा मजला घेतल्यास जनरेटर तळघरात तर नाही ना, हेही पाहावे.