पेशी पेशीपासूनच



माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागांच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. अशा माणसाने पेशीवर बोलावे हे धाडसच. पण या शास्त्राच्या इतिहासात एक प्रश्न आहे, तो कामगार चळवळीत आम्हाला रोज भेटतो : काम कोणाचे आणि नाव कोणाचे?

१६६५ साली इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप ठेवला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली. ती रिकामी होती. १६७४ साली तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म जिवंत जीव पाहिले ते हॉलंडमधल्या लेवेनहूकने. हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी कधी चढला नव्हता. पुढे १८३८-३९ मध्ये जर्मनीच्या श्लायडेन आणि श्व्हान यांनी सांगितले की, झाड काय नि जनावर काय, सारे पेशींचेच बनलेले आहे.

पेशी म्हणजे नुसती वीट नव्हे, चालता कारखाना आहे. आत काय घ्यायचे, बाहेर काय टाकायचे, हे तिचे आवरण सांभाळते. आत अन्नापासून शक्ती काढली जाते, प्रथिने घडतात. आणि या कामाचा आराखडा केंद्रकात जपलेला असतो.

पण नवी पेशी येते कोठून? पाकात खडीसाखर धरावी तशी ती द्रवातून धरते, असे त्या दोघांचे मत होते. ते खोडून काढले रॉबर्ट रेमाक याने. कोंबडीच्या गर्भातील रक्तपेशी त्याने एकीच्या दोन होताना पाहिल्या, आणि १८५२ साली लिहिले की, पेशी जन्मते ती आधीच्या पेशीच्या विभागणीतूनच. रेमाक ज्यू होता. बाप्तिस्मा घेतल्याशिवाय प्रशियात त्याला प्राध्यापकपद मिळणार नव्हते. त्याने धर्म सोडला नाही. १८४७ साली शिकवण्याची परवानगी तेवढी मिळाली, पूर्ण प्राध्यापकपद अखेरपर्यंत मिळाले नाही.

१८५५ साली रुडॉल्फ फिरखोने हेच तत्त्व मांडले. रेमाकचे नाव घेतले नाही. १८५८ साली बर्लिनमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल फिरखोची वीस व्याख्याने झाली, त्यांचा ग्रंथ निघाला, आणि तत्त्व त्याच्या नावावर जगभर गेले. फिरखो काही वाईट माणूस नव्हता. १८४८ साली सायलेशियातील तापाच्या साथीचे मूळ गरिबीत आणि सरकारी हलगर्जीत आहे, असे त्याने सरकारला स्पष्ट लिहून दिले होते. गरिबांची बाजू घेणाऱ्याच्या हातूनही सहकाऱ्याचे नाव गळते, ते असे.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. एका संपाचा वृत्तान्त मी लिहिला होता. घरोघर फिरून वर्गणी आणि धान्य गोळा करणाऱ्या एका बाईंचे नाव त्यात आले नाही. त्यांनी तक्रार केली नाही. मलाच ते चार वर्षांनी उमगले. तोवर छापील प्रती वाटून संपल्या होत्या.

पेशी पेशीपासूनच येते. ज्ञानही माणसाला माणसापासूनच मिळते. ज्याच्यापासून मिळाले, त्याचे नाव हजेरीपटावर राहिले पाहिजे.